रफूच्या शेजारचं नाव

मी एक जुनी शेरवानी आहे, मित्रांनो. पण 'जुनी' म्हटल्यावर नाक मुरडू नका. अस्सल हिमरूची, रेशीम-सुताच्या विणीची आहे मी. रंग जांभळा, छातीवर वेलबुट्टी आणि गळ्यापासून खाली नऊ गुंड्या. एकतीस वर्षं रंगमंचावर काढली आहेत, त्यामुळं टाळ्यांची मला भारी सवय.

खुलताबादच्या मोहियोद्दीनचाचांनी मला शिवलं. "नाटक का कपडा है, रोज चढाना-उतारना," असं म्हणत त्यांनी प्रत्येक शिवण दोनदा मारली. आतून मात्र साधं पांढरं सुती अस्तर लावलं. तेव्हा मला लई राग आला होता. वरून एवढा थाट आणि आत धोतराचं कापड! आज सांगते, माझी खरी श्रीमंती त्या अस्तरातच आहे.

आमच्या मंडळीचं एक जुनं तीन अंकी नाटक आहे. त्यातल्या धाकट्या सरकारांसाठी माझा जन्म झाला. शिकारीत सरकारांची गोळी चुकून एका वाटसरूला लागते. घराण्याचं नाव जाऊ नये म्हणून त्यांचा नोकर गुन्हा अंगावर घेतो, आणि सरकार गप्प बसतात. दुसरा अंक सगळा त्या गप्प बसण्याचा. तिसऱ्या अंकात भर कचेरीत ते मला अंगातून काढतात, नोकराच्या खांद्यावर घालतात आणि म्हणतात, "इज्जत याची, सजा माझी." तिथं पडणारी टाळी मी एकतीस वर्षं ऐकते आहे. अजून अंगावर काटा येतो.

आमच्या कपड्यांची सगळी जबाबदारी गोजरबाईंकडे. कपड्यांच्या ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला. महिन्यातून एकदा त्या आम्हाला दोरीवर टांगायच्या, धुपाटण्यात निखारे घेऊन कडुलिंबाचा पाला आणि ऊद टाकायच्या आणि तो धूर आम्हाला द्यायच्या. त्यामुळं कसर माझ्या वाऱ्यालासुद्धा उभी राहिली नाही. त्यांचा आणखी एक रिवाज होता. जो नट मला घालून पहिला प्रयोग करील, त्याचं नाव त्या रेशमानं माझ्या अस्तरावर शिवायच्या. सात नटांची सात नावं. बाहेर कुणाला दिसत नाहीत, पण मला ठाऊक आहेत.

आठवा नट ठरला सुयश. देखणा, खणखणीत आवाजाचा, मोठ्या घरचा. त्याच्या वडिलांच्या मंगल कार्यालयात आम्हाला तालमीला फुकट जागा मिळायची. पोरगा वाईट नव्हता हो! पण तिसऱ्या अंकात दिग्दर्शक मोतीराम सर रोज डोकं धरायचे. "सुयश, शब्द येतात रे, पण वजन येत नाही."

स्पर्धेला आठवडा होता. सुयशच्या मित्राचं लग्न निघालं. तालीम संपल्यावर गोजरबाई पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात यानं मला पिशवीत कोंबलं आणि थेट वरातीत मिरवलं. आमच्या मंडळीत सरांचा कडक नियम आहे, नाटकाचा कपडा दाराबाहेर गेला की नेणारा रंगमंचाबाहेर. खोटं कशाला बोलू, वरातीत मलाही मजाच वाटली. घोड्यापुढं ऐटीत चालत होते. तेवढ्यात शेजारी भुईनळा उडाला आणि माझ्या छातीत चटका बसला. दुसऱ्या दिवशी तालमीला ट्रंक उघडी होती तेव्हा सुयशनं मला गुपचूप घडी घालून आत ठेवलं. जळालेली बाजू आत.

चार दिवसांनी धुरी द्यायला म्हणून गोजरबाईंनी मला उलगडलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. छातीवर जळाल्याची भोकं! सर धावत आले. धुपाटणं समोरच होतं. मग काय, सरांनी दुसरीकडं बघितलंच नाही.

"बाई, निखारा उडाला आणि तुम्हाला कळलं नाही?"

मला वाटलं बाई आता भांडतील. पण त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "असंल सर. मला हल्ली नीट दिसंना झालंय. माझ्याच हातनं झालं असंल."

सरांनी सगळ्या मंडळीसमोर हात पुढं केला. एकतीस वर्षं कमरेला असलेली किल्ली बाईंनी सोडून दिली. सुयश तिथंच उभा होता, खाली मान घालून. मला जीभ असती ना, तर त्याची अशी हजेरी घेतली असती!

बाईंनी एकच मागणं केलं, जायच्या आधी खुलताबादला चाचांकडून रफू करून आणते. मला न्यायला गाडी सुयशचीच होती. क्रांती चौकातल्या गर्दीतून गाडी बाहेर पडली. मी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, बाईंच्या मांडीवर. मग बाई हळूच म्हणाल्या, "बाबा, राग धरू नकोस. पहिल्याच खेळाला तुझ्या अंगावर भोकाचा कपडा आला माझ्यामुळं. तुझ्या नावासाठी निळं रेशीम आणून ठेवलं व्हतं."

गाडी एकदम खड्ड्यात आदळली. समोर एवढा मोठा खड्डा, पण त्याला तो दिसलाच नाही.

मोहियोद्दीनचाचा आता थकलेत, पण नजर तीच. त्यांनी मला उजेडात धरलं, भोकांवरून बोट फिरवलं, वास घेतला. "किसने बोला निखारा गिरा? निखारे से एकच बडा छेद पडता. ये देखो, सुई के नोक जैसे पाच. ये तो पटाखे की चिंगारी है, बाई."

"फटाका? ट्रंकेत कुठनं येईल चाचा? उदाचंच असंल," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात सुयशचा संशयसुद्धा आला नाही. तो गप्प बसला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती, मित्रांनो. कुणाकडं पुरावा नव्हता, आणि माझ्याकडं तोंड नव्हतं.

सुयश दुकानाच्या पायरीवर बसला. "बाई, मी नेली होती. वरातीत."

बाईंनी ती पाच भोकं पुन्हा निरखली. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्हंजे मी आंधळी नाय झाले." मग डोळ्याला पदर लावला. "इथं मला सांगून काय व्हणार, बाबा? किल्ली गेली सगळ्यांच्या म्होरं. तिथं सांग."

संध्याकाळी तालमीला सगळी मंडळी जमली होती. सुयशनं सगळं सांगितलं, पिशवीपासून भुईनळ्यापर्यंत. एक शब्द लपवला नाही. मी दोरीवर टांगलेली होते.

सर गडबडले. जागा याच्या वडिलांची, प्रयोग परवावर. "बरं, बरं. झालं ते झालं. बाईंना किल्ली देऊन टाकू. बाकीचं प्रयोगानंतर बघू."

"नाही सर," सुयश म्हणाला. "बाईंच्या वेळी तुम्ही प्रयोगानंतर बघू म्हणाला नाहीत. नियम आहे, मी रंगमंचाबाहेर. सम्यकला सगळं नाटक पाठ आहे."

सम्यक म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. विंगेत उभा राहून अडलेल्याला संवाद पुरवणारा. स्पर्धेच्या प्रयोगाला मी त्याच्या अंगावर चढले, थोडी ढगळ झाले, पण निभावलं. त्याच्या जागी विंगेत वही घेऊन सुयश उभा होता. तिसऱ्या अंकात सम्यक क्षणभर अडला. विंगेतून हलक्या आवाजात आलं, "इज्जत याची, सजा माझी." ते प्रेक्षकांना ऐकू गेलं नाही. मी ऐकलं. सर ज्या वजनासाठी महिनाभर डोकं धरत होते ना, ते त्या दबक्या आवाजात होतं. आठ नट पाहिलेत मी, पण तसं वाक्य कुणी म्हटलं नाही.

बक्षीस दुसरं मिळालं. अस्तरावर आठवं नाव सम्यकचं शिवलं गेलं.

त्यानंतर दर महिन्याला धुरीच्या दिवशी सुयश यायचा. कुणी बोलावलं नव्हतं. धुपाटणं तोच धरायचा आणि किल्ली कमरेला खोचून बाई हुकूम सोडायच्या, "वर धर, वर! निखारा उडंल!" मग दोघंही हसायचे. असं वर्ष गेलं. एक दिवस बाईंनी मला मांडीवर घेतलं, आतून रफूची जागा शोधली आणि चष्मा लावून सुईत ते निळं रेशीम ओवलं.

"बाई, माझं नाव कशाला? मी तर हिला रंगमंचावर घातलीच नाही," सुयश म्हणाला.

"गप रं," बाई म्हणाल्या. "घालून तर सगळ्यांनीच दाखवली. तू काढून दाखवलीस."

मित्रांनो, घरातल्या जुन्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा. फाटलं तर टाकू नका, रफू करून घ्या. आणि हातून काही जळालंच, तर जळालेली बाजू आत करून घडी घालू नका; दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेची किल्ली जाते. परवा एका नव्या नटानं माझं अस्तर उलटून नावं वाचली आणि बाईंना विचारलं, "हा सुयश कोणत्या वर्षी धाकटे सरकार होता?"

बाई गुंड्या लावत म्हणाल्या, "तो? तो अजून हाय."