चंद्राचा अर्ज

आमदार होऊन मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत काम नसताना माझ्या दारात किती जण आले, ते विचारा! एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरतील. दीर आले ते बदलीसाठी. कॉलेजातली एक मैत्रीण वीस वर्षांनी भेटली, गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसता पुसता पर्समधून मुलाचा बायोडाटा काढला. तुयेच्या कारखान्यात चिकटवायचा होता. जळ्ळं मेलं ते रडणं! लोकांना कामापुरता मामा लागतो, मी कामापुरती मामी.

तक्रार नाही हो. मतं मागताना मीच सांगितलं होतं, दार उघडं ठेवीन म्हणून. ठेवलंय. रोज सकाळी आठ वाजता डिचोलीच्या घराची पडवी माणसांनी भरते. सुर्ल्याच्या बायका खनिजाच्या ट्रकांच्या धुळीचं गाऱ्हाणं घेऊन येतात, कोणाला नळ हवा, कोणाला रेशनकार्ड. काम झालं की त्यांचे चेहरे फुलतात ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण साडेदहाला पडवी रिकामी होते आणि मी एकटी मेजापाशी बसून थंड चहात उंडा पाव बुडवून खाते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. लेक सेजल बंगळूरला.

हक्काचं एकच माणूस उरलं होतं. नार्व्याची चंद्रावती. माझी चंद्रा. शाळेत एका बाकावरच्या आम्ही, हळदीच्या पानात उकडलेली एक पातोळी दोघींत खाल्लेल्या. तिचा घोव शेतकरी, मुलगा दोन वर्षं घरी बसून होता, तरी तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एकदा मीच चिडले, "का मागत नाहीस गे?" तर म्हणाली, "तुला मागणारे उणे आहेत का? मी तुझ्याकडे उगीच येणार." त्या बोलण्यावर मी किती दिवस काढले, ते माझं मला माहीत. गेल्या महिन्यात मीच फोन करून सांगितलं, "चंद्रा, ये गे एकदा. कोणाशी तरी नुसतं बोलायचंय."

श्रावणातला दिवस होता. पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन चालू होतं, आदल्या रात्रीची झोप झाली नव्हती, आणि पडवीत चाळीस माणसं. मी मान खाली घालून सह्या करत होते. पुढे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी न बघताच हात पुढे केला.

"हां, आणा."

हातात काही पडेना. मी बोटं हलवली. "अर्ज कुठाय? काम काय ते लवकर सांगा!"

हळदीच्या पानाचा वास आला. वर बघितलं तर चंद्रा. साडी पावसाने भिजलेली, पोटाशी स्टीलचा डबा धरलेला. ती माझ्या पुढे केलेल्या हाताकडे बघत होती. देवा सायबा, तो हात तिथल्या तिथे तोडून टाकावासा वाटला मला!

माझा चेहरा तिला दिसला असणार. कारण ती एकदम हसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काम आहे म्हणूनच आले. आमच्या वळणावर लायट नाही गे. काळोखात लोकांचे पाय घसरतात."

"चंद्रा, अगे..."

"अर्ज आणायला विसरले बघ. माझंच चुकलं."

गौरेश, माझा पीए, भारीच तत्पर. त्याने लगेच कागद-पेन पुढे केलं. "बाय, इथे लिहा. नाव, वाडा, वॉर्ड." ती उभ्या उभ्या लिहू लागली. मी उठायला हवं होतं. तिचा हात धरून तिला सरळ रांधपाच्या खोलीत न्यायला हवं होतं. पण मागच्या माणसाने घसा खाकरला, आणि मी बसूनच राहिले. चंद्राने अर्ज माझ्या हातावर ठेवला. पातोळ्यांचा डबा ती परत घेऊन गेली.

खरं सांगते, मी मनाची समजूत घातली. असेल बाई, तिला दिवाच हवा असेल. तसं असेल तर माझं काही चुकलं नव्हतं. म्हणून इंजिनिअरच्या मागे लागले, तीनदा फोन केला. चौथ्या दिवशी अर्ज शेरा मारून परत आला: सदर ठिकाणी दिवा बसवलेला असून तो चालू स्थितीत आहे.

गौरेश हसायलाच लागला. "मॅडम, तो तुम्हीच बसवलेला, पहिल्या वर्षी! फोटो आहे आपल्याकडे."

फोटोत मी कळ दाबतेय. माझ्यामागे चंद्रा टाळ्या वाजवतेय, सगळ्यांत जोरात. म्हणजे चाळीस माणसांसमोर ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. माझी लाज राखायला. मला गौरेशसमोरच रडू फुटलं.

रविवारी मी कोणाला न सांगता एकटीच गाडी काढून नार्व्याला गेले. मागच्या दाराने शिरायचं, चुलीपाशी जमिनीवर बसायचं आणि तिचे पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. पण आमदाराची गाडी लपते कुठे? चंद्रा अंगणात आली, मला बघून आत वळली आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. पदराने पुसून तिने ती अंगणात ठेवली. त्या घरात मी जन्मात खुर्चीवर बसले नव्हते.

"बस गे पदू."

"चंद्रा, वळणावर लायट आहे."

"आहे. बरी पडते."

"मग त्या दिवशी कशाला आली होतीस?"

"उगीच," ती म्हणाली. "तूच बोलावलं होतंस ना?"

मला बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात कुंपणाच्या वईपाशी चार माणसं जमली, मग दहा. एक म्हातारा पुढे आला. "आमदारबाय, देवासारख्या आलात!" म्हणत त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

मी त्याच्याकडे बघतही नव्हते. चंद्राकडे बघत होते. ती खाली कुठेतरी बघत होती, म्हणून मीही बघितलं. माझा हात पुढे झाला होता.

"घे गे त्याचा अर्ज," चंद्रा म्हणाली. "उन्हात उभा आहे तो." आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.