बाजरी हिरवी करणारा अंगारा

१९६४ सालचा पावसाळा. कवठे महांकाळच्या पूर्वेला एका वस्तीवर अंबूबाईच्या बांधाला माणसांची रीघ लागली होती. आठवड्यापूर्वी पिवळी पडलेली तिची बाजरी, गावात आलेल्या एका बाबांचा अंगारा टाकल्यावर, आज हिरवीगार झाली होती.

"हिमालयात बारा वर्षं बर्फावर उभा राहिलो, तेव्हा हा अंगारा मिळाला!" भस्म फासलेले बाबा गरजले. "बर्फ वितळला, पण आम्ही नाही वितळलो!"

लोकांनी हात जोडले. अंगाऱ्याच्या पुडीला एक मेंढी, असा बाबांचा देवाशी करार होता.

बांधापलीकडं अंबूबाईची धाकटी जाऊ बनाबाई उभी होती. तिनं मेंढी दिली नव्हती. तिची बाजरी पिवळीच होती. ती नांदायला आल्यापासून घर, मान, लेकरू, सगळं थोरलीचंच उजवं. आता पीकसुद्धा! 

दुपारी अंबूबाई पाण्याला गेली, तशी बनाबाईनं तिच्या कोनाड्यातला चिमूटभर अंगारा चोरला आणि घाईत आपल्या तंबाखूच्या चंचीत टाकला. घरी येऊन चंची उघडली, तर डोळ्यांतून पाणीच आलं. अंगारा ओल्या चुन्यात मिसळला होता आणि वास येत होता थेट मेंढवाड्याचा! मेंढरांमागं जन्म गेलेली बाई ती. राखेला असा वास येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं तडक शाळा गाठली.

धोंडिराम कांबळे गुरुजींनी चंची हुंगली. "अमोनियम सल्फेट. कारखान्याचं खत हाय हे. पोटात तर कोण घेत न्हाई न्हवं?"

बनाबाईचा चेहरा उतरला. अंबूबाईची लेक सुला तापानं फणफणली होती आणि आज बाबा तिला अंगाऱ्याचं पाणी पाजणार होते. थोरलीचं एक तरी काही उणं होऊ दे, असं एकदा तिच्या मनात आलं. आलं, आणि तिचं तिलाच शहारून आलं.

"गुरुजी, पळा!"

दोघं पोचली तेव्हा पेला सुलाच्या ओठांशी होता. बनाबाईनं तो हिसकावला.

"हीच ती जळकी नजर!" बाबा ओरडले. "हिच्यामुळंच पोरीला ताप!"

गुरुजींनी बाबांच्याच झोळीतला अंगारा घेतला, अंबूबाईच्या तळहातावर ओल्या चुन्यात मळला. "हुंगा."

"आगं बया! मेंढवाडा!"

"मेंढरं बसवलेलं रान हिरवं का हुतं? लेंड्यामुतामुळं. त्यातनं हाच वायू सुटतो, अमोनिया. चुना लागला की या अंगाऱ्यातनं बी तोच सुटतो. हवेत नायट्रोजन भरपूर, पण पिकाला तो तसाच घेता येत न्हाई. म्हणून कारखान्यात तो हायड्रोजनसंगं प्रचंड दाबाखाली तापलेल्या लोखंडावरनं सोडतात. अमोनिया हुतो. आम्लात मुरवला की हे पांढरं खत. तालुक्याला पोत्यानं मिळतंय!"

गुरुजींनी पेला बाबांपुढं धरला. "घ्या, तुमीच प्या."

"आज... आमचा उपवास आहे."

लोक हसले, मग चिडले. बाबांनी झोळी टाकून माळ गाठला. मेंढ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. सुलाला बैलगाडीत घालून डॉक्टरकडं नेलं.

वाटेत अंबूबाई म्हणाली, "बने, तू माझ्यावर जळतीस, मला ठावं हाय."

"व्हय अक्का, जळते. पर सुलावर न्हाई."

सुला बरी झाली, ती डॉक्टरच्या औषधानं. नजरेनं पीक पिवळं पडत नाही, राखेनं हिरवं होत नाही. शेजारणीचं रान हिरवं दिसलं तर जरूर जळा, पण आधी विचारा, त्यात घातलंय काय?