विम्यातून वगळलेले छप्पर

मित्रांनो, घरातली दारे तुम्ही रोज उघडता, खिडक्या पुसता, भिंतींना खिळे ठोकता. माझ्याशी मात्र तुमचा असा काही संबंध येत नाही. मी छप्पर आहे. पन्हळी पत्र्याचे, उतरते, आणि आता जुने झालेले.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची लांबच लांब पट्टी वितळलेल्या जस्तात बुडवून काढली, तेव्हा माझ्या अंगावर जस्ताचा पातळ थर चढला. जस्त स्वतः झिजत जाते आणि खालच्या पोलादाला गंजू देत नाही. तेव्हा मला हे कळत नव्हते. आपण चकाकतो, एवढाच आनंद होता. मग मला फिरत्या रुळांमधून ओढून पन्हळी पाडल्या. सपाट पत्रा माणूस उभा राहिला तरी वाकतो. पन्हळ पडली की तोच पत्रा ताठ राहतो. माझे सगळे बळ त्या लाटांमध्ये आहे.

मला एका चढाच्या गल्लीतल्या शेवटच्या घरावर चढवले. तिथे दोघी बहिणी राहत होत्या, अजूनही राहतात. थोरलीची सगळी नोकरी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. धाकटी घरीच शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करते, पडद्यांना काठ लावते, शाळेचे गणवेश सैल करून देते. तिची खोली बरोबर माझ्या खाली आहे आणि मध्ये फक्त फळ्यांची तक्तपोशी. म्हणून खालचे सगळे बोलणे मला ऐकू येते.

मला बसवणाऱ्या मिस्त्रीने पन्हळीच्या उंचवट्यावर स्क्रू मारले, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती घातली. काम संपल्यावर माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "झालं सिस्टर. आता विसरून जा याला."

दोघींनी ते अगदी मनावर घेतले.

मला त्याचे वाईट वाटत नव्हते. ऊन तापले की मी प्रसरण पावते, ढग आला की आकसते, आणि तेव्हा स्क्रूपाशी टक् टक् असा आवाज होतो. सुरुवातीला धाकटी दचकायची. पुढे तिला तो आवाज ऐकूच येईना. पाऊस आला, गारा आल्या, त्या दोघी खाली कोरड्या बसून एकमेकींशी भांडत राहिल्या. छपराला याहून मोठे कौतुक काय हवे?

घराचा विमा म्हणजे काय, हे मी खालच्या बोलण्यातून शिकले. पुष्कळ घरे दरवर्षी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी देतात आणि ज्या घराला इजा होते त्याला त्यातून दुरुस्ती मिळते. मला ही कल्पना फार आवडली. माझेही तसेच आहे. माझे वजन एकाच वाशावर पडत नाही, सगळे वासे मिळून ते उचलतात.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या भागातला वारा बदलला. तो पूर्वी गल्लीतून यायचा आणि निघून जायचा. आता कडेने घुसून मला खालून वर उचलू बघतो. चढाच्या पायथ्याशी काही घरांचे पत्रे उडाले. तेव्हापासून आमच्या विम्याचा हप्ता दर वर्षी वाढत गेला. यंदा विमा एजंट नवा आकडा सांगायला आला, तेव्हा सिस्टरने तो त्याला पुन्हा म्हणायला लावला.

"चुकून दोन घरांचा मिळून सांगितलात का?" धाकटीने विचारले.

"नाही हो ताई, एकाच घराचा आहे."

"पण आम्ही आजवर एकदाही काही मागितलं नाही. साधी फुटकी काचसुद्धा नाही."

"तुमची काही चूक नाहीच," एजंट अगदी अजिजीने म्हणाला. "सगळ्या भागाचाच दर वाढलाय. त्यात तुमचं छप्पर जुनं. कंपनी वय बघते."

"वय बघते म्हणजे? तब्येत नाही बघत?" सिस्टरने विचारले. "पेशंटचं नुसतं वय बघून कुणी ऑपरेशन नाकारत नाही."

एजंट हसला आणि निघून गेला. त्याच्या हातात काही नव्हते.

तो हप्ता भरला असता, तर सिस्टरच्या पेन्शनमध्ये औषधांपुरतेही उरले नसते. विमा सोडला, तर एका वाऱ्यात घर जाण्याची भीती. दुसरे घर घेण्याची दोघींची ऐपत नाही. म्हणून त्यांनी दुसरी कंपनी शोधायचे ठरवले.

धाकटीला एक जाहिरात आवडली होती. हप्ता निम्मा आणि वर भेट म्हणून छत्री.

"छत्री देतायत म्हणजे छपराचं काय होणार, ते त्यांना आधीच ठाऊक आहे," सिस्टर म्हणाली. "थांब. ज्यांनी पैसे भरलेत त्यांना नाही विचारायचं. ज्यांना मागायची वेळ आली त्यांना विचारायचं."

मग ती खरोखरच चढ उतरून गेली आणि पत्रे उडालेल्या प्रत्येक घरी जाऊन आली. तिचे प्रश्न ठरलेले होते. वारा येऊन गेल्यावर फोन कोणी उचलला? बघायला कोण आले? कबूल केले तेवढे दिले की कापून दिले? कशासाठी कापले?

संध्याकाळी ती पाय चेपत सांगत होती, "छत्रीवाल्यांनी पायथ्याच्या सुताराला अजून काही दिलेलं नाही. फोन केला की गाणं लावून ठेवतात. सुताराला ते गाणं पाठ झालंय. पण पाववाल्या काकूंची कंपनी चांगली निघाली. माणूस आला, बघितलं, बोलल्याप्रमाणे दिलं. हप्ता आपल्या जुन्या कंपनीपेक्षा कमी, छत्रीवाल्यांपेक्षा जास्त."

"मग तीच घेऊ या."

"घेऊ या. फक्त घ्यायच्या आधी ते छपराची पाहणी करतात."

मला वाटले, किती छान! इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बघायला येणार होते. माझ्या जस्ताचा थर बहुतेक ठिकाणी शाबूत होता. धुराड्याजवळ, एका पत्र्यावर दुसरा चढतो तिथे, थोडा गंज धरला होता आणि काही चकत्या सुकून चिरल्या होत्या. एका दिवसाचे काम होते. बघणाऱ्याला ते लगेच दिसले असते.

पण मित्रांनो, सिस्टरचे सगळे आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेले होते. तपासणीला कोणी यायचे म्हणजे आधी सगळे धुऊन पुसून लख्ख करायचे, हे तिच्या हाडीमासी खिळले होते. तपासणीला येणाऱ्यासमोर घाण ठेवणे म्हणजे तिच्या दृष्टीने त्याचा अपमान.

तिने रंगारी बोलावला.

रंगाऱ्याने मला घासले, धुतले आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत जाड लाल रंग दिला. धुराड्याजवळचा गंज रंगाखाली गेला. चिरलेल्या चकत्या रंगाखाली गेल्या. माझे चांगले, निरोगी जस्तही रंगाखाली गेले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, "अहो, थांबा! मी जसे आहे तसे चांगले आहे. मला तसेच दाखवा!" पण छपराला तोंड नसते.

"नवरीसारखं दिसतंय गं," अंगणातून वर बघत धाकटी म्हणाली.

"आता येऊ दे कुणालाही," सिस्टर समाधानाने म्हणाली.

पाहणीला एक तरुण मुलगी आली. शांत होती, कामाची होती. आधी तिने ड्रोन उडवून वरून माझे फोटो काढले. मग शिडी लावून स्वतः वर आली. तिने रंगावर नख फिरवले आणि ती थबकली.

"काकू, रंग कधी दिला?"

"हा काय, परवाच! तुम्ही येणार म्हणून," सिस्टर खालून अभिमानाने म्हणाली.

मुलीने ड्रोनचे फोटो पुन्हा चाळले. मग तिने विचारले, "आधीचे फोटो आहेत का छपराचे?"

"छपराचे फोटो कोण काढतं हो?" धाकटी म्हणाली. "आमच्या घरात माणसांचेच धड नाहीत."

मुलीने माझ्यावर तळवा ठेवला. मला वाटले, आता हिला कळेल. हाताला तरी माझा ताठपणा कळेल. तेवढ्यात सूर्यापुढे ढग आला. तापलेले माझे अंग आकसले आणि स्क्रूपाशी टक् टक् असा आवाज झाला. सगळी छपरे करतात तसा.

"आवाज येतोय," ती पुटपुटली. "सैल झालंय वाटतं."

माझ्याजवळ बोलायला तेवढा एकच आवाज होता, आणि तोही माझ्याविरुद्ध गेला.

खाली उतरल्यावर ती अवघडून म्हणाली, "काकू, रंगाखाली काय आहे ते मला दिसत नाही. कदाचित छप्पर चांगलं असेलही. पण पाहणीच्या तोंडावर रंग दिलेला असला, की कंपनी गंज लपवलाय असंच धरते."

"लपवलाय?" सिस्टरचा आवाज एकदम चढला. "अहो, मी स्वच्छ केलंय!"

"मला कळतंय. तुम्ही लपवलं असतं तर परवाच दिलाय असं सांगितलं नसतं. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"मग रंग खरवडून काढू का?"

"घासताना खालचा थरही निघेल. मग खरंच गंजेल." तिने सामान आवरले. "नवं छप्पर घातलंत तर आम्ही आनंदाने घेऊ."

नवे छप्पर! तेवढे पैसे असते तर एवढी शोधाशोध कशाला केली असती? मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते खरे सांगते. मी उतरायलाही तयार होते. माझ्या जागी नवे पत्रे येऊन त्या दोघी निर्धास्त झाल्या असत्या, तर मी भंगारात सुखाने गेले असते. पण मला राहू देणे धोक्याचे होते आणि काढणे परवडणारे नव्हते.

दोघी जुन्या कंपनीकडे परत गेल्या. पोटाला चिमटा काढून तोच मोठा हप्ता भरू, असे त्यांनी ठरवले. पण तिथे प्रश्न होता, मधल्या काळात कोणी तुमच्या घराला नकार दिला आहे का?

"ताई, नाही म्हणून टाक," धाकटी कळवळून म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"विचारलंय ना? मग सांगायचं. उद्या मागायची वेळ आली आणि खोटं निघालं, तर सगळंच गेलं. आणि खोटं बोलायचं वय आहे का हे?"

"खरं बोलून काय मिळालं आतापर्यंत?"

 सिस्टरने कंपनीला खरे ते सांगितले. जुन्या कंपनीचा निरोप आला, घराचा विमा चालू ठेवू, छप्पर वगळून.

"आणि हप्ता?" धाकटीने विचारले.

"तेवढाच."

"वा! म्हणजे जेवण नाही, पण बिल पूर्ण!" धाकटी हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

शेवटी त्यांनी पाववाल्या काकूंच्या कंपनीचाच विमा घेतला. विचारल्यावर तेही छप्पर वगळून द्यायला तयार झाले, आणि तिथला हप्ता जमण्यासारखा होता. आता भिंतींचा विमा आहे, फरशीचा आहे, दारे-खिडक्यांचा आहे. माझा नाही. माझ्या वाटेने जे काही आत येईल, त्याचाही नाही. ज्याने सगळ्यांना झाकायचे, तेच उघडे राहिले.

त्यानंतर रंगाऱ्याला किंवा मिस्त्रीला कोणी बोलावले नाही. धुराड्याजवळच्या चकत्या अजून तशाच आहेत. रंगाखाली त्या कोणाला दिसत नाहीत आणि मला दाखवता येत नाहीत. सिस्टर आता पूर्वीइतकी बोलत नाही. आपले काय चुकले, हे तिला अजून नीट उमगलेले नाही. तिने फक्त स्वच्छता केली होती.

मित्रांनो, तुमच्या घरावरही माझ्यासारखे कोणीतरी असेल. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी विनवते. मोठ्या माणसांना सांगा, वर्षातून एकदा शिडी लावून बघा. चकती चिरली असेल तर तेव्हाच बदला. फोटो काढून ठेवा. विमा घेताना छत्री बघू नका, मागणाऱ्याला काय मिळाले ते विचारा. आणि कोणी बघायला येणार असेल, तर जे आहे ते तसेच दिसू द्या.

आज दुपारपासून वारा कडेने येतो आहे. मला धुराड्याजवळ उचलून बघतो, सोडतो, पुन्हा उचलतो. खाली शिवणयंत्र थांबले आहे. दोघी वर बघत आहेत. मला त्यांना सांगायचे आहे की मी धरून आहे, पण त्यांना फक्त टक् टक् ऐकू येते. मित्रांनो, वारा सुटलेला नसेल, अशा एखाद्या दिवशी तुम्ही वर बघा.