दंडावरचा सैल दोरा

डाव्या हाताला एका सकाळी देठ धरवेना, तेव्हा मला कळलं की या हातात कुणी पाहुणा येऊन राहिलाय.

आम्ही ओडुमासेच्या बायका काचेचे मणी करतो. फुटक्या बाटल्या कुटायच्या, ती पूड मातीच्या साच्यात भरायची, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. भट्टीत देठ जळून जातो आणि मण्याला भोक राहतं. त्या सकाळी बोटं जाड, आखडलेली. मनगटाचं हाड कुठे बुडालं होतं कोण जाणे. अंगठ्यानं दाबून पाहिलं तर मळलेल्या पिठात पडावा तसा खड्डा पडला, आणि तो भरेचना. मी शेजारी आणखी एक पाडला. भीती नंतर आली, आधी नवलच वाटलं.

छातीतली गाठ गेली होती. डावं स्तन गेलं, काखेतल्या गाठी गेल्या, राजधानीत आक्क्राला जाऊन घेतलेली औषधं, किरणं, सगळं संपलं होतं. "सुटलीस गं माकू!" म्हणत शेजारणींनी पामफळांचं कालवण आणून दिलं होतं. मग आता हे काय?

माझी थोरली बहीण डेडे. आमच्यात बापाच्या पहिल्या मुलीचं नाव डेडेच असतं, आणि नावाबरोबर हुकूम चालवायचा हक्कही मिळतो. तिनं हात उलटसुलट पाहिला.

"याला वळण लावायला हवं."

"हात आहे तो, कार्टं नाही!"

"गप. बाळाच्या पोटरीला मणी बांधून आकार आणतो की नाही आपण? तसंच हे. लाकोचं पोट खाली उतरलंय, माकू. बाळाला आंघोळ तू घालणार, का तिची सासू?"

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. बाळाची आंघोळ आमच्याकडे आईच्या आईची. डोक्याला गोलाई येते ती तिच्या तळव्यातून, असं म्हणतात. लाको माझी एकुलती लेक, तिच्या बापाची मात्र पहिली नाही. सुईतून ते लाल औषध अंगात शिरायचं तेव्हा मी डोळे मिटून याच एका आंघोळीचं पाणी तापवत बसायची. आणि लाकोची सासू परवाच दारात उभी राहून गोड आवाजात विचारून गेली होती, "हाताला जमेल ना, विहीणबाई? नाहीतर मी आहेच."

मी हात पुढे केला. डेडेनं आजीचे पिवळे मणी काढले आणि दंडाला, कोपराखाली, मनगटाला असे करकचून बांधले. उजाडेपर्यंत दोऱ्यांच्या मधलं मांस वर आलं, पंजा भोपळ्यासारखा झाला, कातडी चकचकायला लागली.

दवाखान्यातल्या सिस्टर सेलासींनी आधी कात्री घेऊन दोरे कापले. मणी टणटण करत खाटांखाली पळाले. डेडे गुडघ्यांवर त्यांच्यामागे.

"आजीचे मणी आहेत हो ते!"

"आणि हा हात तुमच्या बहिणीचा आहे ना, मावशी?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काखेतल्या गाठी काढल्या, तिथे हातातलं पाणी वाहून जायच्या वाटा तुटल्या. पाणी मागे उरतं. एका जागी आवळलं की खालचं सगळं कोंडतं. पट्टी बोटांपासून बांधत जायची, वर येईल तशी हलकी."

"बरा कधी होईल?"

"पूर्ण नाही व्हायचा. सांभाळलात तर आटोक्यात राहील. ओझं नको, चीर नको, धग नको, गरम पाणी नको."

गरम पाणी नको. मग आंघोळ तर गेलीच.

घरी आल्यावर डेडे उंबऱ्यात बसून मणी पुन्हा ओवू लागली. डोळे गळत होते आणि तोंडातून सवयीनं आईचं गाणं येत होतं:

मण्यामागं मणी जाई, गाठीपाशी जागा ठेवी,
बाळ झोपेत गं वाढे, आई उजाडता पाही.

"थांब! परत म्हण."

तिनं म्हटलं.

"अगं, जागा ठेवी! आई पाही! दोरा पाहायला असतो डेडे, आवळायला नाही. कालचा सैल दोरा आज दाटला, म्हणजे बाळ वाढलं."

"मग?"

"मग मी या पाहुण्यालाच पाहते की. कधी येतो, कधी जातो, काय खाऊन फुगतो."

पुढच्या खेपेला सिस्टरना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "सैल असेल तर चालेल. सरकवायचा, बघायचा, काढायचा. घालून झोपलात तर माझी कात्री आहेच."

तेव्हापासून हा खेळच झाला. मण्यांचा सैल दोरा बोटांवरून चढवायचा, हात वर धरायचा आणि दोरा सोडून द्यायचा. कुठवर जातो? भट्टीपाशी उभी राहिले त्या संध्याकाळी मनगटाशीच अडला. बाजारातून टोपली आणली तेव्हाही. नुसते मणी रंगवत सावलीत बसले तर कोपराच्या जवळ. पट्टी बांधून, हात उशीवर ठेवून निजले की पहाटे कोपर ओलांडून दंडापर्यंत जाई, आणि बोटं थोडी का होईना, मिटत. पाहुण्याला पहाट सोसत नव्हती.

"काय म्हणतोय तुझा भाडेकरू?" डेडे रोज दारातूनच ओरडे.

भट्टी मी तिच्या हवाली केली. ती मणी करपवते, मी शिव्या देते.

लाकोला मुलगी झाली. घरी आणलं त्या दिवशी विहीणबाई बाही सारून आल्या.

"पाणी तापलंय, मी बसते."

"उद्या पहाटे," मी म्हटलं. "उजाडायच्या आत. आणि मी बसणार."

"एवढ्या गारठ्यात?"

"तेव्हाच माझी बोटं माझी असतात."

पहाटे बुटक्या चौरंगावर बसले, पाय पसरले, पोर नडग्यांवर घेतली. पट्टी बांधलेला हात उशीवर बाजूला ठेवला. गरम पाण्यात गेला तो उजवा. डेडे कपडा पिळून देत होती, पाणी मात्र विहीणबाईंनी ओतलं. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच लोटा उचलला. उजव्या तळव्यानं मी डोकं गोल गोल चोळलं. पोरगी आधी ओरडली, मग जांभई दिली.

पुसून झाल्यावर पट्टी सोडली. गाठ मारायला दोन्ही हात लागतात. इवल्या मनगटाला पिवळे मणी बांधताना डावी बोटं सावकाश, पण वळली.

"घट्ट नको गं!" डेडे किंचाळली.

"तू सांगतेस मला?"

विहीणबाईंना हसू आवरेना. पोरीनं माझा डावा हात मनगटाच्या वर बोटांनी घट्ट पकडला आणि सोडला. तिच्या बोटांचे चार बारीक खड्डे तिथे उमटले, तसेच राहिले.

लाको घाबरून पट्टी घेऊन धावली.

"थांब जरा," मी म्हटलं. "किती वेळ राहतात ते बघू दे."