एकच चढाई

इंद्रजितने दुखरा गुडघा सांभाळत पाहुण्यापुढे चहा ठेवला. दारव्ह्याहून आलेला तो माणूस कबड्डी स्पर्धेचं उद्घाटन करायची विनंती घेऊन आला होता. छापायला द्यायच्या पत्रिकेचा मजकूर त्याने वाचून दाखवला.

“‘मोठ्या लीगमध्ये पहिल्याच चढाईत दोन गडी टिपणारे, बोरी अरबचे इंद्रजित खोब्रागडे.’ बराबर आहे ना, भाऊ?”

“हो,” इंद्रजित कपाकडे पाहत म्हणाला.

चार वर्षं तो हेच सांगत आला होता. लीगसाठी निवड झाली तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. मग बारा सामने तो राखीव बाकावरच बसला. तेराव्यात, पुण्याला, दोन मिनिटं उरली असताना त्याला चढाईला पाठवलं. तिथेच गुडघा गेला. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्या संध्याकाळी गावात वीज नव्हती आणि हरलेला सामना नंतर कुणी शोधून पाहिला नाही.

पाहुणा गेला. ओसरीत दोर वळत बसलेले पंजाबराव मुलाला म्हणाले,

“ते दोन गड्यायचं छापू नको देऊ. बोलनं येगळं. कागदावर आलं का लोक शोधतीन.”

“शोधू द्या ना.”

“पकडलं तुले. कोपऱ्यातल्या उंच पोट्ट्यानं घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले.”

इंद्रजित दारातच थांबला. “कोनं सांगतलं?”

“कोन सांगन? मी तिथंच होतो, वरच्या रांगेत. तुले बाहेर बसवलं, कोनं तरी टावेल देला, तो तू घेतला नाही.”

कापूस वेचायचाय, येणं जमत नाही, असं सामन्याच्या दोन दिवस आधी फोनवर बाबाच म्हणाले होते.

“भेटले काहून नाही?”

“आलतो खालच्या दारापर्यंत. पन बापानं पाह्यलं हे समजलं असतं, तर तू गावात पाय ठेवला नसता.”

“मंग चार वर्षं मले बोलू काहून देलं?”

पंजाबरावांचा हात थांबला. “तू सांगे, अन् मलेही वाटे, तसंच झालं.”

इंद्रजित पायरीवर बसला. आपल्या काळी पंजाबरावांनीही मातीवरची मैदानं गाजवली होती. त्याने विचारलं,

“चढाई कशी होती माही?”

पंजाबरावांनी खरोखरच आठवून पाहिलं.

“पाय चांगले होते,” ते म्हणाले. “घाई केली.”