दिवसाला अर्धा लिटर

तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी तिसऱ्यांदा तोच परिच्छेद खोडला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परिच्छेद मावशींच्या तहानेचा होता. मावशी म्हणजे डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून असायच्या त्या. दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. दिवसाला पाणी अर्धा लिटर, तेही चहा धरून. त्या चमच्याने मोजून पीत. नवरा त्यांच्यासमोर घोटही घेत नसे, मोरीत जाऊन प्यायचा. आणि मावशी भिंतीपलीकडून त्याच्या घशाचा आवाज ऐकत बसायच्या. पहिल्या मुलाखतीत तिने आपल्या बाटलीतून सहज दोन घोट घेतले होते. मावशी बोलायच्या थांबल्या, हे तिला झाकण लावताना कळलं. तेव्हापासून बाटली दाराबाहेर राहायची.

"शोधनिबंध आहे, कादंबरी नाही," सर म्हणाले. "नवरा, मोरी, चमचा, कशाला हे? 'द्रवपदार्थांच्या मर्यादेचे पालन' असं लिही."

"पण सर, आजारपण कसं जगतात ते कळावं, म्हणून तर गोष्टीच्या रूपात लिहायचं ठरलं होतं ना?"

"मग गोष्ट आहेच की! तहान तेवढी काढ."

एवढं बोलून सरांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. सकाळपासूनचा चौथा, ती मोजत होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. सरांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. निबंध शुक्रवारी पाठवायचा होता. तिने तहान काढली आणि सरांपेक्षा स्वतःवरच जास्त चिडली.

आता लिहिलेलं मावशींना वाचून दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर सही, नाहीतर नाही, असा कामाचा नियमच होता. नाव बदललेलं होतं, ते मावशींना आधीच सांगितलेलं. तिने मान वर न करता भराभरा वाचून टाकलं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

"छान लिहिलंयस गं," त्या म्हणाल्या. "कोण ही बाई?"

तिने कागद मांडीवर पालथे घातले.

"असेल कुणीतरी." मावशींनी सुई नसलेला हात सहीसाठी पुढे केला. "नशीबवान आहे पण. तिला तहान लागत नाही."

तिने पेन दिलं नाही. शुक्रवार गेला खड्ड्यात.