उलटसुलट बाकं

वसुधाताई पहिल्या बाकावर बसल्या आणि समोर पाहतात तर बंद शाळेची भिंत. भिंतीवर सुविचाराची एक ओळ होती, तीही अर्धी पुसलेली. त्या उठून शेजारच्या बाकावर बसल्या. आता समोर नवीन हिरवळ, तिच्यापलीकडे कण्हेरीची रांग आणि फाटक. जिवाला बरं वाटलं. तिसऱ्या बाकावर बसल्या तर पुन्हा भिंत, चौथ्यावर पुन्हा हिरवळ. एव्हाना कोणीही काय ते समजलं असतं, पण वसुधाताईंचा जन्म विमा कंपनीत फायली तपासण्यात गेलेला. त्यांनी आठही बाकं बसून पाहिली.

"दशरथ, अरे हे काय करून ठेवलंस?"

दशरथ गवंडी पाइपाने बाकांच्या पायांवरच्या ताज्या सिमेंटला पाणी मारत होता.

"काय झालं मॅडम?"

"एक बाक इकडे तोंड करून, दुसरं तिकडे! माणसं गप्पा कशा मारणार, माना मोडून?"

"मला पण तसंच वाटलं. पण सरांनी स्वतः आखून दिलं ना. दोरी धरली, फक्की मारली, आठ चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात बाण. म्हटलं, नवीन डिझाइन असेल."

मैदान आखायची ती पांढरी पूड अजून बाकांखाली कुठे कुठे दिसत होती. वसुधाताईंनी कपाळावर हात मारला. परवा, रविवारी सकाळी बाग सगळ्यांसाठी उघडायची होती.

सर म्हणजे भाऊराव इंगळे, याच शाळेचे पी.टी.चे मास्तर. बुलढाण्याकडून आलेला एक किडकिडीत तरुण नाहूरच्या या मराठी शाळेत लागला आणि इथलाच होऊन गेला. वर्गात मुलं कमी होत गेली, सर निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी शाळेला कुलूप लागलं. मैदानावर आधी रान माजलं, मग मंडपवाल्याचे बांबू येऊन पडले, मग कोणाकोणाच्या गाड्या. संस्थेने तिथे पार्किंग करायचा विचार बोलून दाखवला तेव्हा आजूबाजूच्या सोसायट्या खडबडून जाग्या झाल्या. "बाग आम्ही करतो, सांभाळतोही आम्हीच," असं सांगायला गेलेल्यांत सगळ्यांत पुढे वसुधाताई होत्या. त्यांचे यजमान नंदकिशोर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रिक्षा चुकवत, काठी टेकत फिरायचे आणि ते त्यांना बघवत नव्हतं. संस्था हो म्हणाली. वसुधाताई समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि फाटकाची चावी त्यांच्या पर्समध्ये आली.

त्या वेळी सगळ्यांना एकच धास्ती होती, की इंगळे सर आडवे येणार. पण सभेत पहिला हात त्यांचाच वर गेला. "गाड्यांखाली जाण्यापेक्षा गवताखाली गेलेलं बरं," एवढंच ते म्हणाले आणि हसले, म्हणून लोकही हसले. तेव्हापासून रोज सकाळी वसुधाताईंच्या दाराची बेल वाजायची. दारात सर. पांढरे कॅनव्हासचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या.

"ताई, चावी?"

चावी घेऊन जायचे, रोपांना पाणी घालायचे, खत पसरायचे, उन्हं चढली की चावी परत आणून द्यायचे. मैदानाच्या दोन टोकांचे दोन लाकडी खांब तेवढे काढू नका, त्यांवर मधुमालती चढवू, एवढी एकच मागणी त्यांनी केली होती. वसुधाताईंना ती कल्पना फार आवडली होती. बाकांची जागा आखायचं कामही त्यांनीच मोठ्या विश्वासाने सरांकडे दिलं होतं.

आता सर खताची गोणी खांद्यावर घेऊन फाटकातून आत आले.

"जय भीम सर," दशरथ म्हणाला आणि पाइप घेऊन लांबच्या कोपऱ्यात सटकला.

"सर, ही बाकं बघितलीत?" वसुधाताईंनी आवाज शक्य तेवढा खाली ठेवून विचारलं.

सरांनी गोणी उतरवली. बाकांच्या रांगेवरून त्यांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग ते खांबापाशी गेले आणि तिथून एक डोळा मिटून त्यांनी रांग पाहिली. एकही बाक सुतभर इकडेतिकडे नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वाट लागली," ते पुटपुटले.

"पण असं आखलंत का तुम्ही?"

"खरं सांगू ताई? मी मुद्दाम नाही केलं. दोरी हातात आली, फक्की आली, आणि हात गेला तसा जाऊ दिला." त्यांनी हात पँटला पुसले. "चूक माझीच. उद्या दशरथला घेऊन सगळी फिरवून घेतो."

"बरं, बसा तरी जरा. घाम बघा केवढा आलाय."

"नको, नको."

आणि ते गेले. पाणी न घालता गेले, हे पहिल्यांदाच घडत होतं. वसुधाताईंना रागवायचं होतं, ते राहूनच गेलं, आणि वर उगाचच चुटपुट लागली. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर बाकांचे फोटो पोचले होते. पाचव्या मजल्यावरच्या अनिरुद्धने लिहिलं, 'नवराबायकोचं भांडण झाल्यावर बसायला बेस्ट जागा!' त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एरवी वसुधाताईही हसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चावी न्यायला दशरथ आला. वसुधाताई मागाहून बागेत पोचल्या तेव्हा तो घण आणि छिन्नी घेऊन पहिल्या बाकापाशी उकिडवा बसला होता. सरांनी त्याला फोन करून सांगितलं होतं, पण स्वतः आले नव्हते. चावी मागायलाही आले नव्हते. आल्या त्या त्यांच्या मिसेस, नंदाताई, आणि त्यांच्याबरोबर रेल्वेच्या गणवेशातली एक उंच तरुणी. तिच्या हातात बकुळीचं रोप होतं.

"ही प्रियंका," नंदाताई म्हणाल्या. "ह्यांची विद्यार्थिनी. खेळावरच रेल्वेत लागली. बागेसाठी झाड आणलंय तिनं."

प्रियंका नमस्कार करायला वळली आणि तशीच थांबली. बाकांकडे बघत राहिली. मग रोप खाली ठेवून भराभर चालत खांबापाशी गेली, आणि सर काल उभे होते तिथेच उभी राहून खळखळून हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"काकू, सरांनी मैदान आखलंय! अहो, ही मधली पाटी आहे आपली. आठच्या आठ चौकोन, जागेवर!"

"कसलं मैदान?" वसुधाताईंनी विचारलं.

"खो-खोचं. तुम्ही कधी नाही खेळलात?"

वसुधाताई नाही खेळल्या होत्या. शाळेत असताना त्या मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणींच्या वह्या आणि चपला सांभाळत.

प्रियंकाला सांगायला तेवढं पुरलं. ती एका बाकाच्या अगदी कडेला बसली, एक पाय पुढे, टाच उचललेली, मान ताठ.

"अशा आठ जणी बसायच्या. एकीचं तोंड इकडे, शेजारचीचं तिकडे. नववी पळत असते. तिला मधली पाटी, म्हणजे ही बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालूनच. मग समोरची निसटायला लागली, की बसलेलीच्या मागे यायचं, पाठीवर हात आणि तोंडाने 'खो', दोन्ही एकदम. की ती उठून पळाली, आणि जिने खो दिला ती तिच्या जागेवर बसली."

"आणि जिला खो मिळतच नाही, ती?"

"ती बसून राहते ना," प्रियंका म्हणाली. "तयारीत. सर ओरडायचे, मिळो न मिळो, टाच खाली टेकवायची नाही."

नंदाताईंनी पदराने बाकावरची धूळ झटकली.

"आता तुम्हाला काय सांगू ताई," त्या म्हणाल्या. "रिटायर झाले त्या दिवशी ह्या फाटकाची चावी शाळेत जमा करून आले, तर घरी येऊन खिसा चाचपत बसले. इतकी वर्षं त्यांच्याच खिशात होती ना ती. अजून सकाळी उठले की आधी बूट चढवतात. म्हटलं, कुठं जायचंय, तर म्हणे, कुठं नाही. बाग सुरू झाली तेव्हा जरा जिवात जीव आला त्यांच्या. आता कालपासून बूट काढून बसलेत. मी असं कधी पाहिलं नव्हतं."

रोज सकाळी आपल्या दारात "ताई, चावी?" म्हणून उभा राहणारा माणूस वसुधाताईंच्या डोळ्यांसमोर आला. आपण चावी देताना रोज न चुकता म्हणत होतो, 'परत आणून द्या हं आठवणीने.' त्यांना स्वतःचाच भारी राग आला.

दशरथने घण उचलला.

"घण ठेव खाली," त्या म्हणाल्या.

"फिरवायची नाहीत?"

"नाहीत."

"पण सरांनी सांगितलंय, आजच्या आज..."

"अध्यक्ष कोण आहे?"

दशरथने घण ठेवला. प्रियंका तोंडावर हात धरून हसायला लागली. वसुधाताई तिच्याकडे वळल्या.

"ए, इकडे ये. तो हात नक्की कुठे लावायचा असतो, ते मला नीट दाखव बघू."

रविवारी सकाळी बाग भरली. फाटकाचं एकच दार उघडं होतं, दुसऱ्याला कुलूप. त्या एका दारातून लोक एकेक करून येत होते. नंदकिशोर काठी टेकत हिरवळीच्या कडेने सगळ्यांत आधी फिरून आले आणि कोणी न विचारता म्हणाले, "झकास!" बाकांचं तर नवलच झालं. कोणी काही तक्रार करायच्या आधी ती भरूनही गेली. पेपर वाचणारे आजोबा शाळेच्या भिंतीकडे तोंड करून बसले, कारण तिकडे डोळ्यांवर ऊन येत नव्हतं. नातवंडांवर लक्ष ठेवणाऱ्या आज्या फाटकाकडे तोंड करून बसल्या. अनिरुद्ध आणि त्याची बायको शेजारशेजारच्या दोन बाकांवर विरुद्ध दिशांना बसून एकमेकांना मोठ्याने काहीतरी सांगत होते आणि हसत होते.

सर आले ते नंदाताईंनी जवळजवळ ओढून आणले म्हणून. पायांत बूट होते, तेही नंदाताईंमुळेच असणार. फाटकातून आत आले, बाकं पाहिली आणि तिथेच थबकले.

"ताई, फिरवली नाहीत?"

"दशरथला जमलं नाही," वसुधाताई साफ खोटं बोलल्या. "तुम्ही आधी बसा. माझं भाषण आहे, फार लांबलचक आहे."

पहिलं, खांबाजवळचं बाक त्यांनी पर्स ठेवून राखून ठेवलं होतं. त्याचं तोंड शाळेकडे होतं. सरांनी जरा आढेवेढे घेतले. बागेचं काम सुरू झाल्यापासून ते इथे एकदाही बसले नव्हते. मग बसले, बाकाच्या अगदी कडेला, हात मांडीवर, नजर समोरच्या बंद खिडक्यांवर. वसुधाताईंनी पर्स उचलली आणि वळसा घेऊन त्या बाकाच्या मागे आल्या. सरांच्या उजव्या पायाची टाच जमिनीपासून जराशी वर होती. वसुधाताईंनी घसा खाकरला, हात पुढे केला आणि सरांच्या पाठीवर ठेवला.

"खो," त्या म्हणाल्या.

सर उठले. उठले आणि दोन पावलं पळालेसुद्धा. मग भानावर येऊन थांबले आणि मागे वळले, तर वसुधाताई त्यांच्या जागेवर बसलेल्या होत्या. साडी, पांढरे स्पोर्ट शूज आणि ताठ मान.

पेपरवाल्या आजोबांनी पेपर खाली घेतला. सरांच्या ओठांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती, आणि डोळे भरले होते ते त्यांना लपवता येत नव्हते.

"आवाज कमी पडला, ताई," ते कसेबसे म्हणाले. "पंचांना ऐकू गेला पाहिजे."

"पुढच्या वेळी ओरडेन. नियम असा आहे ना, की मी आता इथे बसायचं?" वसुधाताईंनी पर्स उघडली आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "मग ही घ्या. आणि परत आणून द्यायची नाही. बाहेर तुमची प्रियंका आणि तिच्या मैत्रिणी झाडं घेऊन उभ्या आहेत, त्या एका दारातून कुंड्या आत येत नाहीत. जा, दुसरं दार उघडा."

सरांनी चावी घेतली. ती खिशात टाकली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा बाहेर काढली. फाटक वसुधाताईंच्या पाठीमागे होतं, दोन बाकांच्या मधून गेलं तर अगदी सरळ वाट.

सर खांबाला वळसा घालून गेले.